शिंक, हिस्टामीन आणि मज्जातंतू

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या एकाच नाकपुडीत त्याला न मानवणारे पराग सोडले, तर थोड्याच वेळात दुसरी नाकपुडीही वाहू लागते. पराग तर तिच्यात शिरलेच नाहीत. मग तिला ही वार्ता दिली कोणी?

आरंभ पहिल्या नाकपुडीतच होतो. तेथील श्लेष्मल त्वचेत ‘मास्ट’ नावाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. कणांनी गच्च भरलेल्या ह्या पेशी त्यांस खाऊनपिऊन पुष्ट झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून हे जर्मन नाव. ह्या कणांत हिस्टामीन साठविलेले असते. परागांतील प्रथिन पेशीच्या पृष्ठावरील प्रतिपिंडांशी जुळले, की काही मिनिटांतच कण रिते होतात. सुटलेले हिस्टामीन रक्तवाहिन्या सैल करते, तसेच संवेदी मज्जातंतूंनाही डिवचते. खाज आणि शिंक ही त्याचीच फळे होत. संदेश मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभापर्यंत जातो व परानुकंपी तंतूंच्या वाटेने दोन्ही नाकपुड्यांकडे परततो. त्या तंतूंच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन स्रवते आणि ग्रंथी पाझरू लागतात.

मज्जातंतू असा रसायनाच्या द्वारे बोलतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे बेडकांच्या हृदयांवर दाखविले. एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्यांनी त्याची गती मंद केली व त्यातील द्रव दुसऱ्या हृदयास दिला, तेही मंदावले! ते द्रव्य ॲसिटिलकोलीनच होते. ह्या संशोधनाबद्दल लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, हिस्टामीनच्या शारीरिक क्रियेचा अभ्यासही डेल व त्यांचे सहकारी लेडलॉ यांनीच १९१० मध्ये प्रसिद्ध केला होता.

परंतु हिस्टामीनने हाक मारावी आणि तंतूंनी केवळ ओ द्यावी, इतका हा व्यवहार सरळ नाही. संवेदी तंतूंच्या टोकांतून ‘पदार्थ पी’ नावाचे द्रव्य बाहेर पडते, आणि तेच उलट मास्ट पेशींतून हिस्टामीन सोडवू शकते. मात्र सर्व ठिकाणच्या पेशी त्याला सारखी दाद देत नाहीत. त्वचेतील पेशी विशेष हळव्या, फुप्फुसांतील तशा नाहीत. ॲड्रेनॅलीनचे काम नेमके उलट: ते मास्ट पेशींना आवर घालते.

म्हणूनच औषधांचे गुणही निरनिराळे दिसतात. हिस्टामीनविरोधी गोळीने खाज व शिंका शमतात. ॲसिटिलकोलीनला अटकाव करणारा इप्राट्रोपियमचा फवारा नाकाचे वाहणे कमी करतो. शिंका मात्र येतच राहतात.