एसव्हीजी नकाशे आणि मराठी अक्षरे

एसव्हीजी हा रेषाचित्रांचा खुला फाईल-प्रकार आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याचे पहिले प्रमाण सप्टेंबर 2001 मध्ये जाहीर केले. यात चित्र ठिपक्यांत साठवले जात नाही. रेषा, आकार आणि अक्षरे यांची नोंद मजकुराच्या रूपात होते, म्हणून नकाशा कितीही मोठा छापला तरी कडा फाटत नाहीत. प्रमाण खुले असले तरी सगळी सॉफ्टवेअर ते सारखे पाळत नाहीत, आणि देवनागरीला त्याचा फटका अधिक बसतो.

प्रस्तुत लेखकाने कुकडी प्रकल्पाचा, म्हणजे माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचा नकाशा इंकस्केप या एसव्हीजी चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता. छपाईच्या संगणकावर तो उघडला तेव्हा ‘जुन्नर’मधला न्न पाय मोडून सुटा झाला, ‘शिवनेरी’ची ऱ्हस्व वेलांटी श च्या मागे गेली आणि ‘लेण्याद्री’ तर ओळखूच येईना. ज्या मुलखाचा नकाशा, त्याच मुलखाची नावे अशी मोडलेली पाहणे क्लेशदायक असते. कारण साधे आहे. फाईलमध्ये युनिकोड अक्षरे आणि फॉन्टचे नाव एवढेच असते. जोडाक्षर बांधण्याचे काम उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट वापरला असेल आणि समोरच्याकडे तो नसेल, तर नावांच्या जागी रोमन अक्षरे व खुणा उमटतात.

डीटीपीवाले ‘फाईल कर्व्ह करून द्या’ म्हणतात, ते याचसाठी. इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा दिली की अक्षरांचे आकार होतात आणि फॉन्टची गरज उरत नाही. मात्र पुढे त्यात शुद्धलेखन सुधारता येत नाही. मूळ फाईल वेगळी जपावी.

इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्यांत चौकट आखून लिहिलेला मजकूर ब्राउझरमध्ये दिसत नाही, कारण ती सोय एसव्हीजी 1.2 च्या मसुद्यातली होती आणि तो मसुदा पूर्ण प्रमाण झालाच नाही. मापाचेही तसेच. 2017 च्या 0.92 आवृत्तीत इंकस्केपने इंचाला 90 ऐवजी 96 पिक्सेल धरले, त्यामुळे जुनी फाईल सुमारे सहा टक्क्यांनी लहान होऊ शकते. नकाशात प्रमाणपट्टी काढावी आणि नमुना छापून फूटपट्टीने मोजावी.

नकाशा छापण्याआधी त्याच छपाईयंत्रावरचा कागदी नमुना मागवावा आणि गावांची नावे त्या भागातल्या माणसाकडून वाचून घ्यावीत.