धाप आणि डब्यातली पूड



मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारचे आबा आजारी पडले. ताप, खोकला, छातीत कळ. चार पावलं चालले की धाप लागे. मुलगा बाजारातून एक डबा घेऊन आला. दुकानदार म्हणाला होता, "यात अमिनो आम्लं आहेत. दुधातून द्या, छाती मोकळी होईल." दोन दिवस तसेच गेले. मग आबांना बोलताही येईना. तेव्हा कुठे गाडी काढली. आबा वाचले, पण ते दोन दिवस फार महागात पडले.

अमिनो आम्ल म्हणजे काय? आपण अक्षरे शिकलो. अक्षरे जोडून शब्द होतो. तशीच अमिनो आम्ले जोडून प्रथिने होतात. शरीराची ही अक्षरे वीस आहेत. त्यांतली नऊ अन्नातूनच मिळवावी लागतात. डाळी, दूध, अंडी, मासे यांत ती असतात. भाकरीत जे कमी पडते ते डाळ भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर वरण किंवा पिठलं खावे.

आता फुप्फुस पाहू. त्यात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. जंतू शिरले की त्या सुजतात. त्यांत पाणी व पू भरतो. मग हवा रक्तात जायची कशी? या रोगाला न्युमोनिया म्हणतात.

मोठ्या आजारात ग्लुटामीन नावाचे अमिनो आम्ल रक्तात कमी होते. प्रयोगात उंदरांना ते दिले, तेव्हा फुप्फुसाची सूज कमी झाली. तज्ज्ञांना वाटले, माणसालाही गुण येईल. पण वाटणे वेगळे आणि पारखणे वेगळे. कॅनडा, अमेरिका व युरोपातील ४० अतिदक्षता विभागांत १२२३ अत्यवस्थ रोग्यांवर पारख झाली. सगळे श्वासयंत्रावर होते. २०१३ साली निकाल छापून आला. ग्लुटामीन दिलेल्या शंभरांतले सुमारे ३२ जण २८ दिवसांत दगावले. न दिलेल्या शंभरांतले सुमारे २७ दगावले. गुण तर नाहीच, उलट धोका दिसला. ताटात जे चांगले, ते औषध म्हणून चांगलेच असते असे नाही.

मग करावे काय? घड्याळ घ्या. रोगी शांत असताना पुरा एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे ३० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना गाठा. ओठ निळे पडले किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला, तर श्वास मोजतही बसू नका. तिथे जंतूंवर औषध मिळते, लागला तर प्राणवायू मिळतो.

वरण, दूध, अंडे जरूर द्या. त्याने झिजलेले अंग भरते. पण धाप लागली असता डबा उघडत बसू नका. आधी गाडी जुंपा.

वाचा आणि सांगा :
१. भाकरीबरोबर डाळ का खावी?
२. उंदरांना गुण आला, तरी माणसांवर पारख का करावी लागली?
३. आज घरातल्या एका माणसाचे श्वास मोजा. आकडा वहीत लिहा.