दोन बाइटांत मावलेली नदी

'रिव्हर रेड' हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. आपण लहानपणी टीव्हीला जोडून जे गेम खेळलो, पिवळ्या-काळ्या कॅसेटी फुंकर मारून आत सरकवायचो, त्याच्याही आधीच्या पिढीतला हा गेम. १९८२ साली अमेरिकेत 'ॲक्टिव्हिजन' कंपनीने तो 'अटारी २६००' या यंत्रासाठी काढला. तुमचं एक जेट विमान. खाली निळी नदी, दोन्ही काठांना हिरवी जमीन. नदी वरून खाली सरकत येते, वाटेत जहाजं, हेलिकॉप्टरं आणि शत्रूची विमानं येतात. काठाला धडकलात की खलास. थोड्या-थोड्या अंतरावर नदीवर पूल येतो, तो गोळीने उडवायचा आणि पुढे जायचं. जॉयस्टिक पुढे दाबली की वेग वाढतो, मागे ओढली की कमी होतो.

सेमिनारसाठी विषय शोधताना हा गेम माझ्यापुढे आला आणि 'स्टेला' नावाच्या फुकट मिळणाऱ्या इम्युलेटरवर मी तो खेळायला लागलो. रूम पार्टनर हसत होता. चौकोनी ठिपक्यांचं विमान, "पीप पीप" आवाज, हे काय घेऊन बसलास! पण दहा-पंधरा वेळा मेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नदी दरवेळी तीच असते. तेच वळण, त्याच जागी तेच बेट, पूल ओलांडल्यावर त्याच ठिकाणी नदी अरुंद. आणि नदी संपत मात्र नाही. म्हटलं, एवढा मोठा नकाशा ठेवलाय कुठे?

प्रश्न गंभीर आहे, कारण अटारी २६०० या यंत्राची परिस्थिती आपल्या मेसच्या डाळीसारखी होती : नाव डाळ, आत पाणीच जास्त. १९७७ सालचं हे यंत्र. प्रोसेसर ६५०७, वेग साधारण १.१९ मेगाहर्ट्झ. रॅम १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट! स्टॅकसुद्धा त्यातच. कॅसेटमध्ये सरळ मार्गाने जास्तीत जास्त ४ किलोबाइटचा प्रोग्राम मावायचा, आणि रिव्हर रेड बरोबर तेवढ्याच जागेत बसवलेला आहे. प्रोग्राम, विमानांची चित्रं, आकड्यांची चित्रं, आवाज, सगळं त्यातच.

पडद्याचा हिशोब करून बघा. आडवे १६० ठिपके, उभ्या १९२ ओळी, म्हणजे ३०,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एकच बिट दिला तरी ३,८४० बाइट लागतात. म्हणजे असलेल्या रॅमच्या तीसपट. थोडक्यात, या यंत्रात चित्र 'साठवायची' सोयच नाही. मग चित्र दिसतं कसं? टीव्हीचा इलेक्ट्रॉन बीम एक ओळ काढत असतो, तेवढ्यात प्रोसेसर त्या ओळीची माहिती 'टीआयए' नावाच्या चिपमध्ये भरतो. पुढची ओळ आली की पुढची माहिती. एका ओळीला प्रोसेसरच्या वाट्याला ७६ क्लॉक सायकल येतात. एका सूचनेला कमीत कमी दोन सायकल, बऱ्याच सूचनांना तीन-चार. म्हणजे ओळीमागे वीस-पंचवीस सूचना! त्यात उशीर झाला तर बीम पुढे निघून गेलेला असतो. आपल्याला सबमिशनची तारीख निदान वाढवून तरी मिळते. बाकीचा हिशोब, म्हणजे कोण कुठे सरकलं, टक्कर झाली की नाही, गुण किती, तो एकूण २६२ ओळींपैकी न दिसणाऱ्या सत्तरेक ओळींच्या वेळात उरकायचा. सेकंदाला साठ वेळा.

पार्श्वभूमीसाठी टीआयएमध्ये फक्त २० बिट आहेत, तेही पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागापुरते. उजवा अर्धा भाग म्हणजे डाव्याचीच नक्कल, नाहीतर आरशातलं प्रतिबिंब. रिव्हर रेडची नदी नेहमी दोन्हीकडून सारखी दिसते, डावा काठ आत आला की उजवाही आत येतो, त्याचं कारण हेच. तसंच एका आडव्या पट्ट्यात जहाज नाहीतर हेलिकॉप्टर नाहीतर पेट्रोलचा डेपो, असं एकच काहीतरी दिसतं. कारण हलत्या आकृत्या चिपमध्ये दोनच, आणि त्यातली एक आपल्या विमानाने अडवून ठेवलेली! खेळताना ही सगळी डिझायनरची आवड वाटते. खरं तर ती हार्डवेअरची अडचण आहे, पण इतकी बेमालूम लपवलेली की शंकाही येत नाही.

आता नकाशाकडे. अर्ध्या नदीला ओळीमागे २० बिट, म्हणजे अडीच बाइट. समजा एका पडद्यात नदीच्या १६० ओळी धरल्या, तर ४०० बाइट झाले. दहा पडद्यांना ४,००० बाइट, आणि कॅसेट एकूण ४,०९६ बाइटची. म्हणजे दहा पडदे नदी साठवली की विमानाला जागा नाही. कोणी हुशार म्हणेल, काठ बराचसा सरळच असतो, कॉम्प्रेस करा. केलं तरी नदी पाच-पन्नास पडद्यांनंतर संपेलच.

इथेच ते उत्तर येतं जे माझ्या फार आवडीचं झालंय. नकाशा साठवलेलाच नाही. कॅसेट उघडून एकेक बाइट तपासला तरी नदी कुठे सापडणार नाही. सापडेल ती फक्त नदी तयार करायची रीत, आणि सुरुवातीचा एक ठरलेला आकडा. ही रीत म्हणजे आपलं शिफ्ट रजिस्टर! हो, तेच, 'डिजिटल'च्या प्रॅक्टिकलचं, ज्याचा उपयोग विचारला की आपण "सर, सिरीयल टू पॅरलल कन्व्हर्जन" म्हणून मोकळे होतो.

रीत अशी. शिफ्ट रजिस्टर घ्या. त्यातले ठरावीक बिट एक्स-ऑर गेटला द्या आणि गेटचं आउटपुट पुन्हा रजिस्टरच्या सुरुवातीला आत सोडा. याला लिनियर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर म्हणतात. चार बिटांचं उदाहरण घेऊ. तिसरा आणि चौथा बिट एक्स-ऑर करून पहिल्या जागी टाकायचा. १००० पासून सुरुवात केली तर पुढे ०१००, ००१०, १००१, ११००, ०११०, १०११, ०१०१, १०१०, ११०१, १११०, ११११, ०१११, ००११, ०००१, आणि मग परत १०००. पंधरा वेगवेगळ्या स्थिती, एकही दोनदा नाही, आणि क्रम असा की बघणाऱ्याला त्यात काही सूत्र आहे असं वाटत नाही. पण सूत्र आहे. उद्या पुन्हा १००० पासून सुरू केलं तर अगदी हाच क्रम येणार.

हे लॅबमध्ये करून बघण्यासारखं आहे. ७४९५ ही आयसी आणि ७४८६ मधला एक गेट एवढंच सामान. मोड एक करून १००० लोड करायचा, मग मोड शून्य करून क्यू-सी आणि क्यू-डी गेटला, गेटचं आउटपुट सिरीयल इनपुटला. मी सबमिशन संपल्यावर करून बघितलं. लॅब असिस्टंट काकांनी "आता कसलं प्रॅक्टिकल?" म्हणून विचारलं, पण किट दिलं. पंधराव्या क्लॉकला एलईडी परत पहिल्या जागी आले तेव्हा काकाही वाकून बघत होते.

दोन गोष्टी मुद्दाम करून बघा. एक, सगळे बिट शून्य करा. शून्य एक्स-ऑर शून्य म्हणजे शून्य, रजिस्टर तिथेच अडकून बसतं. म्हणून स्थिती सोळा नाहीत, पंधरा. दुसरी गोष्ट जास्त मजेची. तिसऱ्या बिटाऐवजी दुसरा बिट गेटला द्या. आता १०००, ०१००, १०१०, ०१०१, ००१०, ०००१, आणि लगेच परत १०००. सहाच स्थिती! एक वायर एका पिनवरून शेजारच्या पिनवर गेली आणि लांबी पंधरावरून सहावर आली. म्हणजे कुठले बिट निवडायचे यात गणित आहे, अंदाजपंचे चालत नाही. पुस्तकात 'प्रिमिटिव्ह पॉलिनॉमिअल' नावाचा जो परिच्छेद आपण ऑप्शनला टाकतो, तो यासाठीच असतो.

रिव्हर रेडचं रजिस्टर सोळा बिटांचं, म्हणजे दोन बाइटांचं. सोळा बिटांना बरोबर जोडणी मिळाली तर ६५,५३५ स्थिती मिळतात. प्रत्येक नव्या तुकड्याला प्रोग्राम रजिस्टर पुढे सरकवतो आणि त्यातल्या बिटांवरून ठरवतो की नदी रुंद की अरुंद, इथे जहाज की डेपो. सुरुवातीचा आकडा प्रोग्राममध्येच पक्का लिहिलेला असल्यामुळे तुम्ही पुण्यात खेळा नाहीतर कॅलिफोर्नियात, नदी तीच. आणि विमान पडलं की गेम मागच्या पुलापासून सुरू होतो. तेव्हा मागची नदी परत आणायची कशी? मागचं काही साठवलेलं तर नाही! पण पुलाशी रजिस्टरमध्ये काय होतं तेवढं जपून ठेवलं की झालं. दोन बाइट रजिस्टरमध्ये घाला, तीच नदी पुन्हा वाहायला लागते.

इथे एक बारकावा आहे. सगळंच जर ठरलेलं, तर खेळणारा पाठ करून टाकेल. आपण ओरलचे प्रश्न सीनियरकडून घेऊन पाठ करतो तसं. म्हणून शत्रूच्या हालचालीसाठी वेगळा रँडम नंबर जनरेटर ठेवलाय. हेलिकॉप्टर कुठे भेटणार हे पाठ करता येतं, ते कधी हलणार हे नाही. किती पाठ होऊ द्यायचं आणि किती नाही, याची ही वाटणी मला प्रोग्रामिंगपेक्षा मोठी वाटते. नदी दरवेळी बदलली असती तर सरावाला अर्थ राहिला नसता. काहीच बदललं नसतं तर चार दिवसांत कंटाळा आला असता.

पेट्रोलचंही तसंच. टाकी सतत रिकामी होत असते. डेपोवरून उडत गेलं की ती भरते, हळू गेलं तर जास्त भरते. पण डेपो उडवला तर ८० गुण! जहाजाला ३०, हेलिकॉप्टरला ६०, विमानाला १००, पुलाला ५००. तेव्हा समोर डेपो दिसला की प्रश्न पडतो, भरू की फोडू? यासाठी नवं चित्र लागलं नाही की नवी मेमरी लागली नाही.

हे सगळं करणारी इंजिनिअर होती कॅरल शॉ. जन्म १९५५, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरचं शिक्षण, मग मास्टर्स, आणि १९७८ साली अटारीत नोकरी. गेम तयार करणं हाच ज्यांचा पेशा होता अशा अगदी सुरुवातीच्या स्त्रियांत तिचं नाव घेतलं जातं. अटारीत असताना तिने त्रिमितीय 'टिक-टॅक-टो' केला. मधे 'टँडम' या कॉम्प्युटर कंपनीत असेंब्ली लँग्वेजचं काम केलं आणि नंतर ती ॲक्टिव्हिजनमध्ये आली. ॲक्टिव्हिजनची कथाही आपल्या कामाची आहे. अटारीमध्ये गेम लिहिणाऱ्याचं नाव कुठे छापत नसत. त्यावरून चिडून काही प्रोग्रामर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ही कंपनी उभी केली. त्यामुळे रिव्हर रेडवर कॅरल शॉ हे नाव छापलेलं मिळतं. चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये एकाने काम करायचं आणि चौघांनी प्रेझेंटेशन द्यायचं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना यातली गोम कळेल.

गंमत म्हणजे तिच्या डोक्यात आधी अवकाशातला गेम होता. त्या वर्षांत सगळीकडे तेच. 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८, 'गॅलॅक्सियन' १९७९, 'डिफेंडर' १९८१. कंपनीतल्या सहकाऱ्याने सुचवलं की अवकाशाचे गेम फार झालेत, दुसरं काही कर. मग तिने ग्राफ पेपरवर नदी काढली. माझं स्वतःचं मत असं की यात तिने अवघड वाट धरली. काळं अवकाश फुकट असतं, पार्श्वभूमीला काही काढायलाच नको. चार ठिपके टाकले की तारे झाले. नदीला काठ लागतात, आणि काठ दर ओळीला सांगावे लागतात. अवकाश सोडलं म्हणून नकाशाचा प्रश्न आला, आणि प्रश्न आला म्हणून ते रजिस्टर आलं.

आणखी एक. हीच युक्ती त्या टीआयए चिपच्या पोटातसुद्धा आहे. एका ओळीत बीम कुठवर आलाय हे मोजायला चिपमध्ये जो काउंटर आहे, तो साधा बायनरी काउंटर नाही, सहा बिटांचा फीडबॅक शिफ्ट रजिस्टर आहे. बायनरी काउंटरला कॅरीचं सर्किट लागतं, याला एखाद-दुसरा गेट पुरतो. सिलिकॉनची जागा वाचते. क्रम वेडावाकडा असेना, ५७ पायऱ्या झाल्या की ओळ संपली एवढं कळलं की बस. स्फोटाचा जो खरखरीत आवाज येतो, तोही अशाच रजिस्टरांतून काढलेला. म्हणजे ओळ मोजायला तेच, आवाजाला तेच, आणि वर प्रोग्राममध्ये नदीला तेच! आजही मोबाइलच्या जीपीएसमध्ये प्रत्येक उपग्रहाची ओळख दहा-दहा बिटांच्या अशाच दोन रजिस्टरांतून तयार होते, १,०२३ बिटांची. आणि 'माइनक्राफ्ट'मध्ये मित्राकडून 'सीड' घेऊन तेच जग उभं करता, त्यात सूत्रं वेगळी असली तरी मूळ कल्पना नदीचीच.

ज्यांना स्वतः बघायचंय त्यांच्यासाठी : स्टेलामध्ये गेम चालू असताना कीबोर्डवरचं एकच्या डावीकडचं बटण दाबलं की डीबगर उघडतो. त्यात १२८ च्या १२८ बाइट एकाच तक्त्यात समोर दिसतात. एकेक फ्रेम पुढे ढकलत जा आणि तक्त्याकडे बघा. त्यातले दोन बाइट असे आहेत की पूल ओलांडला तरच बदलतात, आणि विमान पडल्यावर त्यांचीच नक्कल दुसऱ्या दोन जागी उतरते. कुठले ते मी सांगत नाही. आमच्या विंगमध्ये दोघांना सापडलेत.