संगणकाचे हजेरीक्रमांक

मुंबई ४००००१, पुणे ४११००१ आणि नागपूर ४४०००१ हे पिनकोड तुम्ही पत्त्यांवर पाहिले असतील. समजा, एका पाहणीत या तीनच ठिकाणची माहिती जमली आहे. सर्वांत लहान संख्येपासून सर्वांत मोठ्या संख्येपर्यंत प्रत्येकीसाठी एकेक खण मांडून संगणकाने कोष्टक बनवायचे ठरवले, तर खण किती लागतील? ४०,००१! त्यांपैकी ३९,९९८ रिकामेच राहणार. त्यापेक्षा या तिघांना १, २, ३ असे लागोपाठ क्रमांक दिले, तर तीन खणांत काम भागते.

संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालींत ही सोय तयारच असते. १९६८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मलेल्या 'एसपीएसएस' या प्रणालीत तिचे नाव आहे 'ऑटोरिकोड'. ती संख्या चढत्या क्रमाने आणि शब्द वर्णक्रमाने लावते, मग त्यांना ओळीने क्रमांक देते. मूळ स्तंभ तसाच राहतो. नव्या स्तंभात प्रत्येक क्रमांकाला जुन्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते.

आता गंमत पाहा. 'तुम्ही वाचनालयात जाता का?' या प्रश्नाला 'कधीच नाही', 'कधीकधी' आणि 'नेहमी' अशी तीन उत्तरे आली. तुम्ही-आम्ही त्यांना याच क्रमाने १, २, ३ म्हणू. यंत्राला मात्र अर्थ कळत नाही. पहिल्या दोन उत्तरांत 'कधी' सारखेच, पुढे एकात 'च' आणि दुसऱ्यात 'क'. वर्णमालेत 'क' आधी. म्हणून 'कधीकधी' १, 'कधीच नाही' २ आणि 'नेहमी' ३! या क्रमांकांची सरासरी काढली, तर संगणक उत्तर देईल आणि चूक झाल्याचे अवाक्षरही काढणार नाही. अशी मुकी चूक मला सर्वांत घातक वाटते. जिथे उत्तरांना चढउतार आहे, तिथे क्रमांक आपणच ठरवून द्यावेत.

आणखी एक फसगत. 'ब' तुकडीत 'कधीकधी' असे कुणीच लिहिले नाही. तिची फाइल वेगळी चालवली, तर 'कधीच नाही' १ आणि 'नेहमी' २. म्हणजे 'अ' तुकडीत २ चा अर्थ 'कधीच नाही', 'ब' तुकडीत 'नेहमी'! यासाठी दोन्ही फाइली आधी जोडाव्यात, क्रमांक मग द्यावेत.

एखाद्याने 'कधी कधी' असे तोडून लिहिले, तर काय होईल? कागदावर करून पाहा. मोकळी जागाही संगणकाला एक चिन्हच वाटते आणि ती सर्व अक्षरांच्या आधी लागते, एवढे लक्षात ठेवा.