हंगामाआधी कार्ट तपासून घ्या

बदलापुरात आमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीआधीच्या काही आठवड्यांतच आमची वर्षाची खरी कमाई होते. ऑर्डर घेण्यासाठी एका कंपनीचं कार्ट महिन्याच्या भाड्याने साइटवर बसवून घेतलं होतं. ऐन गर्दीत डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, "अगं, चकली टाकली, बेसनाचे लाडू टाकले, पैसे भरायला गेले तर म्हणतंय कार्ट रिकामं आहे!"

माझ्या अँड्रॉइड फोनवर तीच ऑर्डर सुरळीत जात होती. काकूंकडे आयफोन होता. कंपनीला विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे सगळं चालतंय. ते क्रोमवर बघत होते, त्यामुळे त्यांचंही खोटं नव्हतं.

कारण पुढे कळलं. साइट आमच्या पत्त्यावर होती, पण कार्ट कंपनीच्या पत्त्यावरून येऊन आमच्या पानातल्या चौकटीत दिसत होतं. गिऱ्हाइकाने काय निवडलं याची खूण ते कुकीत, म्हणजे ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत ठेवायचं, आणि अशा बाहेरच्या पत्त्यांच्या कुकी आयफोनचा सफारी ब्राउझर मार्च २०२० पासून सरसकट अडवतो. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोमच्या आतही ॲपलचंच इंजिन चालतं, त्यामुळे ब्राउझर बदलूनही उपयोग होत नाही. कार्ट आमच्याच पत्त्याच्या सबडोमेनवर आणून घेतलं, तेव्हा ते टिकायला लागलं.

म्हणून कार्ट घेण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा: कार्ट आणि पैसे भरण्याचं पान माझ्याच पत्त्यावर चालेल का? दुसरा प्रश्न पैशांचा. यूपीआय ॲपमध्ये पैसे भरून गिऱ्हाईक परत येईपर्यंत, कमी मेमरीच्या फोनमध्ये ब्राउझर कधी कधी बंद होऊन जातो. पैसे गेले आणि ऑर्डर नाही, असं यातूनही होतं. पैसे मिळाल्याची खबर पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून थेट कार्टच्या सर्व्हरला जाते ना, हे विचारून घ्या.

इन्स्टाग्रामवर जाहिरात करणाऱ्यांनी आणखी एक जपावं. तिथली लिंक ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. त्यात यूपीआयचं बटण दाबलं की गूगल पे किंवा फोनपे उघडण्याऐवजी कित्येकदा एररचं पान येतं. अशा वेळी क्यूआर कोड आणि यूपीआय आयडी समोर दिसला, तर गिऱ्हाईक अडून राहत नाही.

तपासणी खऱ्या फोनवरच करा. घरातले, शेजारपाजारचे फोन मागून घ्या: एखादा आयफोन, एखादा जुना अँड्रॉइड, एखादा सॅमसंग त्याच्या स्वतःच्या ब्राउझरसकट. एक रुपयाची वस्तू साइटवर ठेवा आणि लिंक उघडण्यापासून पैसे जमा होईपर्यंत प्रत्येक फोनवरून ती विकत घ्या. दिवाळीत, राखीला किंवा आमच्या बदलापूरच्या प्रसिद्ध जांभळांच्या दिवसांत हंगाम थोडका असतो. त्यात अडलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं आणि आपल्या हिशेबात त्याची नोंदही राहत नाही.

काकूंनी फोन केला, कारण त्यांच्याकडे आमचा नंबर होता. नवख्या गिऱ्हाइकाकडे तो नसतो. कार्टच्या प्रत्येक पानावर 'ऑर्डर जात नसेल तर इथे कळवा' असं लिहून व्हॉट्सॲप नंबर ठळक द्या. कुठे बिघडलंय ते कळेलच, शिवाय ती ऑर्डरही हातची जाणार नाही.