पाचटाच्या ढिगातील ऊब

पौषात आपल्याकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. तेव्हाच ऊसतोड चालू असते आणि तुटलेल्या फडात पाचट पेटवले जाते. एकरी ३-४ टन पाचट! खतही गेले, ऊबही गेली.

ढीग तापतो तो जिवाणूंमुळे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजविणारे जिवाणू व शेणकाला द्या, ओल राखा. ढीग पुरुषभर उंच हवा. लहान ढीग लगेच निवतो. नीट साधले तर आठवड्यात आत ५५-६० अंश उष्णता येते. कांब खुपसून ओढा, हातात धरवत नाही. रचतानाच काळ्या एचडीपीई नळीची वेटोळी घाला. एक इंची २०० फूट नळीत सुमारे ३० लिटर पाणी मावते, म्हणजे दोघांची आंघोळ सरपणाविना.

फ्रान्समध्ये झाँ पेन यांनी १९७० च्या दशकात झाडोऱ्याच्या चुऱ्याच्या प्रचंड ढिगावर घरही ऊबदार ठेवले. एवढा खटाटोप आपल्याला कशाला? आपली थंडी दोन महिन्यांची.

ढीग घरात वा भिंतीला लागून मात्र नको. अमोनियाची वाफ कोंडते, भिंतीला ओल येते. नळीतले पाणी पिऊ नये. ढीग निवला की नळी काढा, खालीवर करून पाणी मारा आणि नळी परत घाला.

— ऊस विकास अधिकारी