न भरणारी जुनी जखम लपवू नका

भगिनींनो, आपण परकराचा नाडा रोज एकाच जागी घट्ट बांधतो. उन्हातान्हात काम करताना घाम येतो, नाडा घासतो आणि कमरेवर काळा पट्टा पडतो. खाज सुटते, कातडी सोलवटते. आपण खोबरेल तेल लावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा नाडा आवळतो. बहुतेकींचा त्रास एवढ्यावरच राहतो. पण क्वचित एखादीच्या कमरेवर जखम होते, ती भरत नाही आणि तिथे कातडीचा कॅन्सर होतो.

२०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील मेडिकल कॉलेजांच्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांच्या होत्या. त्या परकर घट्ट बांधत आणि त्यांची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसऱ्या साठी ओलांडलेल्या. त्या चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला आवळून नेसत होत्या. त्यांचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. पुरुषांनाही धोतराच्या काचाने असा कॅन्सर होतो, हे मुंबईचे डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ सालीच दाखवून दिले होते.

हा कॅन्सर कोणता?

जुन्या जखमेत किंवा व्रणात होणाऱ्या या कॅन्सरला 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ साली अशा जखमांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. सर्वांत जास्त तो भाजल्याच्या जुन्या व्रणात होतो. स्टोव्हच्या भडक्याने किंवा उकळत्या पाण्याने लहानपणी भाजलेल्या व्रणात तो सरासरी तीस वर्षांनीही होऊ शकतो. पायाच्या शिरा फुगून झालेली जखम, कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळव्याची जखम, हाडापर्यंत जाऊन पू वाहणारी जखम, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीची जखम, यांतही तो होतो.

कशामुळे होतो?

जखम भरण्यासाठी शरीर नवीन पेशी तयार करते. तीच जागा पुन्हा पुन्हा फुटली, की हे काम वर्षानुवर्षे चालू राहते. त्यात कधीतरी पेशी बिघडतात आणि बेसुमार वाढू लागतात. व्रणाच्या जागी रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी तिथे नीट पोचत नाहीत. हा कॅन्सर दुर्मिळ आहे, पण कातडीच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षा जास्त आक्रमक आहे. म्हणून वेळ घालवून चालत नाही.

कसा ओळखायचा?

जखम तीन महिने उलटूनही भरत नाही. कडा जाड होऊन बाहेर वळतात. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे मांस वाढते. घाण वास येतो, सहज रक्त येते, दुखणे वाढते. जांघेत किंवा काखेत गाठ लागते. यातले एकही लक्षण दिसले तर ड्रेसिंग करत बसू नका. सर्जनला दाखवा.

तपासणी आणि उपचार

जखमेच्या कडेचे लहान तुकडे घेऊन तपासतात. यालाच बायोप्सी म्हणतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" असे वस्तीत बोलले जाते. ते खरे नाही. वॉर्डात काम करताना आम्ही या एका भीतीपायी परत गेलेले पेशंट पाहिले. काही महिन्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा जिथे नुसती जखम काढून भागले असते, तिथे पाय कापावा लागला.

हाडापर्यंत गेला आहे का, हे एक्स-रे किंवा स्कॅनने कळते. मुख्य उपचार ऑपरेशन. जखम आजूबाजूच्या सुमारे दोन सेंटीमीटर चांगल्या कातडीसह काढतात आणि मांडीची कातडी तिथे लावतात. गाठीत पसरला असेल तर गाठी काढतात. गरजेप्रमाणे शेक, म्हणजे रेडिएशन देतात. लवकर आलात तर बहुतेक वेळा हातपाय वाचतात.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन आणि रेडिएशन बसते. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

आजपासून काय करायचे?

नाड्याऐवजी रुंद पट्टा वापरा, बांधायची जागा बदला, घरी आल्यावर गाठ सैल करा. कातडी काळी-पांढरी पडली किंवा सोलवटली तर ती बरी होईपर्यंत तिथे काही आवळू नका. भाजले तर लगेच वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. मोठे भाजलेले असेल आणि डॉक्टर कातडी लावायला सांगत असतील, तर टाळू नका.

प्रत्येक व्रणाचा कॅन्सर होत नाही, म्हणून घाबरू नका. पण आमचा अनुभव असा, की कमरेची किंवा मांडीची जखम बाई कोणालाच दाखवत नाही. नवऱ्याला सांगत नाही, सुनेला सांगत नाही. पदराखाली झाकून कामाला जाते. आज घरी आई, आजी, सासू यांना एवढेच विचारा, "अंगावर कुठे न भरणारी जखम आहे का?" आणि "हो" म्हणाल्या, तर त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.